डावीकडचे प्रांत

१० ऑगस्ट

सेनापती,

दूध उतू जाऊन गॅस विझला होता, आबांचे दात अजून पेल्यात होते, कपडे बादलीत भिजत होते आणि मी दोरा तोंडात धरून यांच्या शर्टाला बटण लावत होते. शर्टाचे मालक बनियनवर संगणकासमोर. मी म्हटलं, "अहो, दाढी?" तर म्हणाले, "थांब गं, सेनापतीचे घोडे पाणी प्यायला नदीवर आलेत. दाढी कुठे पळून चाललीय?" मग चाल खेळले, तुला पत्र लिहिलं, स्वतःशीच हसले आणि शर्ट उलटा घालून निघाले. मी दारातून परत बोलावलं. अशी ती सकाळ. तशा सकाळी किती झाल्या असतील. पण हल्ली भांडी घासताना मला हीच आठवते, आणि घासलेलं भांडं मी पुन्हा घासायला घेते.

तू त्या चालीला दिलेलं उत्तर अजून तसंच पडून आहे. हे गेले त्याला वर्ष होत आलं. काल मी ती फाईल उघडली.

रागावू नकोस. तुम्हा बहीणभावाचा हा राज्यं जिंकायचा खेळ मी लग्न होऊन आल्यापासून मागे उभी राहून बघत आले. एकाने आपली चाल खेळायची, फाईल मेलने पाठवायची, मग दुसऱ्याने. एक चाल म्हणजे खेळातला एक हंगाम. आणि तुमचा तो नियम, की चालीबरोबर पत्र नसेल तर चाल बाद. फोनवर खेळाचं अवाक्षर काढायचं नाही. मला तेव्हा हसू यायचं.

यांच्या जागी मी बसले तर चालेल का?

वेळ कुठून आणणार, असं विचारशील. हॉटेलच्या लाँड्रीत दिवसभर चादरी, घरी आबा, शिवाय लोकांचे ऑल्टरेशनचे कपडे. पण चादरीची घडी घालायला डोकं लागत नाही. हात घडी घालतात, डोकं नदी ओलांडतं. घरी आल्यावर आबा आंघोळीला गेले की तेवढ्यात चाल खेळून टाकीन. स्वस्थ बसवत नाही गं. पुस्तक घेतलं की एकच पान वाचत राहते. हे निदान पुढे सरकेल.

चाल जोडली आहे. हसलीस तरी चालेल.

तुझी वहिनी


१८ ऑगस्ट

वहिनी,

हसले नाही, ओरडले! बसमध्ये ओरडले. मावशी दचकून म्हणाल्या, "काय झालं ताई, उंदीर?" अगं, घोडदळ धान्याच्या शेतात उभं केलंस? खाऊन टाकतील ना सगळं! दादाने कपाळावर हात मारून घेतला असता.

पण खेळ. खेळच. ती फाईल तुझ्याकडे पडून आहे हे मला रोज आठवायचं आणि मी विचारत नव्हते. सेनापतीसुद्धा म्हण. दुसरं कोण म्हणणार आता?

माझंही तुझ्यासारखंच आहे. सकाळी पोरांना शाळेत सोडायचं, दुपारी घरी सोडायचं, मधल्या वेळात शाळेच्या मागे झाडाखाली बस लावून मी स्टिअरिंगवर लॅपटॉप ठेवते. मावशी मागच्या सीटवर पाय पसरून घोरतात. पोरांना दारातून चढवणं-उतरवणं त्यांच्याकडे, गाडी माझ्याकडे. आमचं राज्य असं वाटलेलं आहे.

एक सांगते. दादासारखी जवळ जाऊन मुंग्या मोजत बसू नकोस. मी अख्खा नकाशा स्क्रीनवर मावेल एवढा लांब ठेवते. एका नजरेत सगळं राज्य.

बाकी ठीक. डावा आरसा परत फुटला. शाळेचं गेट बांधलंय की सापळा, देव जाणे. आबांना सांग, गोळी जिभेखाली लपवून नंतर थुंकायची युक्ती मला माहीत आहे, वहिनीलाही सांगितली आहे.

तुझी सेनापती


१४ सप्टेंबर

सेनापती,

घोडे शेतातून हलवले. आबा आता रोज माझ्या मागे खुर्ची टाकून बसतात. काल म्हणाले, "सूनबाई, तुझे सैनिक उपाशी आहेत." मी म्हटलं, "आबा, कळतं मला." तर म्हणाले, "मीही आहे." उठून वाढलं.

आता कामाचं. मला मॉड सापडले आहेत. लाँड्रीतल्या पोरीने सांगितलं, मग मी वाचत बसले. जे समजलं नाही ते दोनदा वाचलं, तरी नाही समजलं ते सोडून दिलं. म्हणजे खेळणाऱ्या लोकांनीच हौसेने खेळाला केलेलं ऑल्टरेशन. कुणी झाडं बदललीत, कुणी नदी रुंद केलीय, कुणी सैनिकांना टोप्या घातल्यात. मी तर हेच करते गं. बाही आखूड, कंबर सैल. कापड मूळ मालकाचं, बेत आपला.

मी मूळ फाईलची प्रत बाजूला काढून ठेवली आणि एकेक लावून बघत सुटले. टोप्या लावल्या, काढल्या. बर्फ लावला, काढला. एकावर मन ठरत नाही. पण एक आहे, त्याबद्दल तुला विचारायचं आहे. तो लावला की राजाला वय लागत नाही.

यांचा राजा खेळात म्हातारा झाला आहे. दर हंगामाला खाली बातमी येते, महाराजांची प्रकृती नरम. मला ती वाचवत नाही.

हा मॉड दोघींकडे असावा लागतो, नाहीतर फाईल उघडत नाही. तू लावशील?

वहिनी


२० सप्टेंबर

वहिनी,

लावला. दादा म्हणाला असता, ही लबाडी आहे. म्हणू दे.

पाच मिनिटं आहेत, पोरं सुटतील. चाल जोडली आहे.

सेनापती


२९ ऑक्टोबर

सेनापती,

तो वयाचा मॉड मी काढला. तूही काढ, नाहीतर ही फाईल उघडायची नाही. काय झालं सांगते. राजा मरत नाही, पण राजपुत्रही मोठा होत नाही. पाळण्यातलं पोर हंगामामागून हंगाम पाळण्यातच. आबा म्हणाले, "दाई तरी किती दिवस झोके देणार?" मला पटलं. काढला, आणि पुढच्याच हंगामात महाराज गेले. मी खेळ बंद केला, कामावर गेले, चादरींच्या घड्या घातल्या. घरी येऊन राजपुत्राला गादीवर बसवलं. बरा आहे पोरगा.

पण आज मी भांडायला बसले आहे.

या दोन महिन्यांत मी तुझे तीन प्रांत घेतले. मी! जिने घोडे शेतात उभे केले ती! मिठागराला माझं सैन्य दोन हंगाम वेढा घालून बसलं होतं, तू एक माणूस मदतीला पाठवला नाहीस. घाटाच्या वाटेवर पहारा नाही. किनाऱ्यावरच्या गावाचं कोठार रिकामं पडलं, तू भरलं नाहीस. हे म्हणायचे, सेनापतीचं कोठार रिकामं दिसलं तर समजायचं सूर्य पश्चिमेला उगवला.

तू मुद्दाम हरते आहेस. विधवा वहिनी, घरात म्हातारा, जाऊ दे, जिंकू दे बिचारीला. हो ना? मला लाँड्रीतसुद्धा असंच करतात. जड गठ्ठा माझ्या हातातून काढून घेतात आणि मान तिरकी करून हसतात. तू तरी तसं करू नकोस. दयेचे प्रांत मला नकोत. लढ, नाहीतर खेळ बंद कर.

वहिनी


४ नोव्हेंबर

वहिनी,

काय बोलतेस! मी आजवर आबांनासुद्धा पत्त्यांत जिंकू दिलेलं नाही, ते आजारी असतानाही. विचार त्यांना. तुला कशाला जिंकू देईन?

दोष तुझ्या मॉडचा आहे. तू मागच्या महिन्यात तो नवा लावायला सांगितलास ना, ज्याने खालच्या सगळ्या बातम्या उचलून डाव्या कडेला नेऊन ठेवल्या? कोण वाचणार तिथे? वेढा पडला, कोठार संपलं, मला काही कळतच नाही. काढून टाक तो. दिसायला सुबक आणि कामाला शून्य.

आधीच डोकं फिरलंय. मावशींना काय झालंय कळत नाही. गाडी चालवताना मागून ओरडतात, "ताई, सायकल! ताई, कुत्रं!" जणू मी काल शिकायला लागले. इतकी वर्षं चालवतेय मी, एक दिवस ओरडल्या नाहीत. वर चहाचा कप माझ्या डाव्या हाताशी आणून ठेवतात आणि न सांगता निघून जातात. काल सांडला, अख्खी पॅंट भिजली. मी म्हटलं, "मावशी, सांगायचं तरी." तर म्हणतात, "ताई, तुमच्यासमोर ठेवला की!" भांडण झालं.

लढ म्हणतेस ना? आता बघच.

सेनापती


२६ नोव्हेंबर

सेनापती,

हे पत्र मी तीनदा लिहून खोडलं. आबांना वाटतंय मी चालीचा विचार करते आहे.

तुझं म्हणणं खरं धरून मी सगळे मॉड काढले. टोप्या, बातम्या, सगळं. खेळ यांनी सोडला होता तसा कोरा केला. तूही तसंच केलंस. म्हणजे आता दोष द्यायला काही उरलं नाही.

मग मी एक केलं. माझं सगळं सैन्य उचललं आणि तुझ्या राजधानीच्या डाव्या अंगाला, उघड्या माळावर आणून उभं केलं. जंगलात लपवलं नाही, रात्रीचं आणलं नाही. झेंडे लावून उभं. हे असते तर म्हणाले असते, वेडी झालीस का, तिला दिसेल. मला तेच हवं होतं. तुला दिसावं, तू माझी चटणी उडवावीस.

तुझी चाल आली. त्या सैन्याच्या नाकासमोरून तू तुझ्या धान्याच्या गाड्या नेल्यास. पहारेकऱ्याशिवाय. आणि पत्रात लिहिलंस, "या हंगामात तू कुठे दडून बसलीस?"

मी राजधानी घेतली नाही. खुर्चीतून उठले, घरभर फिरले, परत बसले. मग मागच्या सगळ्या चाली काढून बघितल्या. मिठागर, घाट, किनाऱ्यावरचं गाव. तुझं जे जे गेलं ते सगळं नकाशाच्या डाव्या बाजूचं. उजवीकडचा एक दाणा तू हलू दिला नाहीस. उजवीकडे तू अजून सेनापती आहेस.

मग तुझी पत्रं वाचली. आरसा डावा. चहाचा कप डावीकडे. सायकल कुठल्या बाजूला होती ते तू लिहिलं नाहीस. मी विचारते.

मी डॉक्टर नाही. मला एवढंच माहीत आहे की तू हरणारी नाहीस, आणि तू हरते आहेस. मावशींना समोर बसव, त्यांच्या नाकाकडे बघ, आणि दुसऱ्या कुणाला तरी डावीकडून चमचा हळूहळू आणायला सांग. कधी दिसतो ते बघ. मग उजवीकडून. आणि डोळे तपासून घे. या आठवड्यात.

आणि तोवर बस चालवू नकोस. दार डाव्या बाजूला आहे गं. पोरं तिथूनच उतरतात.

माझ्या चालीत मी फक्त सैन्य मागे घेतलं आहे.

वहिनी


३ डिसेंबर

वहिनी,

आधी तुझा इतका राग आला की लॅपटॉप बंद करून टाकला. खेळात दोन प्रांत जास्त मिळाले तर बाई माझे डोळे तपासायला निघाली. असं मावशींना म्हणणार होते. म्हटलं नाही.

चमच्याचं केलं. मावशींबरोबर नाही, घरी एकटीनेच. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले आणि डाव्या हातात चमचा धरून हात पुढे आणत गेले. हात माझाच, म्हणजे कुठे आहे ते माहीत होतं. तरी चमचा दिसला तेव्हा जवळजवळ नाकासमोर होता. चारपाचदा केलं. मग चमचा धुऊन ठेवला.

पण ऐक. मान वळवली की दिसतं. सगळं दिसतं. मी आता प्रत्येक वळणावर मान पूर्ण वळवते. परवा एक छोटी उतरून दाराशी दप्तर उचलायला वाकली होती, मला वाटलं गेली, मी गाडी हलवली. मावशींनी तिला ओढलं. काही झालं नाही. पोरगी हसत होती, तिला वाटलं खेळ आहे. त्या दिवसापासून मी जास्तच मान वळवते.

मार्चमध्ये परीक्षा होतात, मग सुट्टी. सुट्टी लागली की मी दवाखान्यात जाते, नक्की. आत्ता मध्येच गेले तर बस दुसऱ्याला देतील आणि परत मिळणार नाही. मला आधी सायकलवर मागेसुद्धा कुणी बसवून घेत नव्हतं, माहीत आहे ना? ती बस मी चालवते, वहिनी. सकाळी पोरं मला बघून हात करतात. ती गेली तर मी या दोन खोल्यांत बसून काय करू? भिंतीकडे बघू? तीही अर्धीच?

तू कुणाला बोलू नकोस. आबांना नाही, कुणालाच नाही. तुला दादाची शपथ आहे.

चाल जोडली आहे. आता डावीकडे नीट बघून खेळले आहे.

सेनापती


१९ जानेवारी

वहिनी,

तुझी चाल नाही, पत्र नाही. आजारी आहेस का? आबा फोनवर म्हणाले, ठीक आहे, कपडे शिवतेय, उसवतेय. एवढंच.

बस गेली. डिसेंबरमध्येच गेली. मी तुला लगेच लिहिलं नाही कारण लिहिण्याच्या अवस्थेत नव्हते. शाळेने एका दुपारी ऑफिसात बोलावलं, चहा दिला, मग म्हणाले, "तुम्ही डोळे तपासून या, तोवर गाडी देता येणार नाही." दवाखान्यात मशीनपुढे बसवून दिवे दाखवले. डावी बाजू गेलेली आहे, दोन्ही डोळ्यांची. परत येणार नाही म्हणाले. आणखी जाऊ नये म्हणून औषधं चालू केली आहेत. गाडी कायमची बंद.

आता मला भांडारात बसवलं आहे. खडू, वह्या, फुटबॉल. पोरं येतात, चेंडू मागतात. कुणी हात करत नाही.

मावशींनी केलं हे. दुसरं कोण? त्या पोरीला ओढलं तो दिवस धरून बसल्या असणार. मी ऑफिसात विचारलं, कोणी सांगितलं? तर म्हणाले, ते सांगता येत नाही. न सांगायला काय, मला कळतं. मी मावशींशी बोलणं टाकलं. बाकीच्या ड्रायव्हरांनीही टाकलंय. डबा घेऊन त्या आता जिन्याखाली एकट्या बसतात. परवा माझ्यासाठी चहा घेऊन आल्या, उजव्या हाताशी ठेवला. मी मोरीत ओतला, त्यांच्यादेखत.

तू मात्र शपथ पाळलीस. एवढं एकच माणूस आहे मला आता, ज्याच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवावा. म्हणून लिहितेय. चाल पाठव. काहीतरी चालू राहू दे.

सेनापती


२१ जानेवारी

सेनापती,

मावशींकडे जा. हे पत्र वाचून झालं की लगेच, पत्राला उत्तर लिहायच्या आधी. त्यांनी काही सांगितलेलं नाही. चहा तू त्यांच्या हातात नेऊन दे, आणि बाकीच्या ड्रायव्हरांना त्यांच्यादेखत सांग की चूक झाली. मग माझ्याकडे वळ.

मी आजारी नव्हते. तुला खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहायला हात धजत नव्हता. म्हणून चाल नाही, पत्र नाही. रोज संगणक चालू करायचे, तुझी चाल उघडायचे, बंद करायचे. एक झगा तर मी इतक्यांदा उसवला की कापड विरलं, गिऱ्हाइकाला नवं घेऊन द्यावं लागलं. मला वाटत होतं, बस गेली की तू आपणच ओळखशील कोणी सांगितलं. तुला माझा संशयसुद्धा येणार नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आणि तुझा राग दुसऱ्या बाईच्या डब्यावर जाऊन पडेल, हेही नाही.

शपथेचं सांगते. तू यांची शपथ घातलीस. हे असते तर काय म्हणाले असते, ते मला ठाऊक नाही. तुझ्यावर त्यांचा जीव होता, कदाचित मार्चपर्यंत गप्प बसले असते. कदाचित नसते. मी त्यांना विचारू शकत नाही, आणि ज्यांना विचारता येत नाही त्यांच्या नावावर मी काही खपवणार नाही, ना बोलणं, ना गप्प बसणं. जे केलं ते माझं.

तू लिहिलंस, पोरगी हसत होती. ते वाक्य मी वाचलं आणि मला पुढचं वाचता येईना. तिचीही कुणी आई सकाळी बटण लावत असेल.

तुझं काय गेलं ते मला कळतं. सगळं नाही कळत, पण रिकामी खुर्ची कळते. तुला वाटलं तर कधीच लिहू नकोस. आबांना मी सगळं सांगितलं आहे. रात्री ताटावर बसल्यावर म्हणाले, "तिला इकडे बोलाव." मी म्हटलं, "आबा, ती माझ्या घरात पाय ठेवणार नाही." तर म्हणाले, "घर माझं आहे." तेव्हा बोलावणं त्यांचं आहे असं समज.

मी नाव लपवलं नव्हतं. शाळेने ते तुला का सांगितलं नाही, मला माहीत नाही. म्हणून मीच सांगते.

तुझं ते डिसेंबरचं पत्र आलं ती संध्याकाळ होती. मी आबांना वाढलं, भांडी घासली, झोपले. दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी मी तुझ्या शाळेत फोन केला. तू कुठली बस चालवतेस ते सांगितलं. सांगितलं, की त्या ड्रायव्हरला डाव्या बाजूचं दिसत नाही, आज तिला गाडी देऊ नका. त्यांनी विचारलं, आपण कोण बोलताय. मी म्हटलं, मी तिची वहिनी.